खर्ऱ्याच्या मुलखात इम्प्लांटचा स्क्रू

चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली. यातल्या कोणत्याही गावच्या मुख्य रस्त्याने गेलात तर दंतवैद्याच्या पाटीवर ‘येथे इम्प्लांट केले जातील’ अशी ओळ आता दिसते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी त्यासाठी नागपूर गाठावे लागे. काढघाल करावी लागणाऱ्या कवळीला कंटाळलेल्या माणसाला ‘पक्का दात’ हे शब्द मोहात पाडतात आणि त्यात गैर काही नाही. दाताच्या जागी हाडात टायटॅनियमचे मूळ बसवण्याची ही पद्धत उत्तम आहे. तिच्यामागे साठ वर्षांचा अनुभव आहे.

प्रश्न ‘पक्का’ या शब्दाच्या अर्थाचा आहे. रुग्ण विचारतो, ‘हाडात धरेल का?’ डॉक्टर सांगतात, ‘धरेल.’ बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण हाडात धरलेले मूळ आणि वर दिसणारा दात यांच्यामध्ये एक सांधा असतो. तो सांधा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या एका स्क्रूवर उभा असतो. पुढच्या दहा वर्षांत त्रास झालाच, तर तो या सांध्यातून होण्याची शक्यता मोठी. चंद्रपूर-गडचिरोलीत दोन गोष्टी या सांध्याची परीक्षा अधिक कठीण करतात. एक खर्रा आणि दुसरी अंतरे. इम्प्लांटवर वीस ते पन्नास हजार रुपये खर्च करण्याआधी या दोन्हींचा हिशेब मांडलेला बरा.

हाड धरते, स्क्रू ढिला होतो

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण बाहेर निघेना. हाड धातूला चिकटून वाढले होते. त्यातून १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात दंत इम्प्लांट बसला. त्या इम्प्लांटच्या डोक्यावर ०.७ मिलिमीटर उंचीचा षटकोनी उंचवटा असे. तो मुळात इम्प्लांट फिरवून हाडात बसवण्यासाठी होता. त्या काळी एका जबड्यात पाच-सहा इम्प्लांट घालून सगळे एका पट्टीने जोडत. भार वाटला जाई आणि स्क्रूवर फार ताण येत नसे. पुढे एकेका दातासाठी इम्प्लांट वापरले जाऊ लागले आणि तो बुटका षटकोन एकट्यानेच सगळे पेलू लागला. मग स्क्रू ढिले होण्याच्या तक्रारी आल्या. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जोडणीचे जे नवनवे प्रकार निघाले, ते मुख्यत्वे या दुखण्यावरचे उपाय आहेत.

आजचे आकडे काय सांगतात? ज्यूरिकच्या रोनाल्ड युंग आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जगभरातले अभ्यास एकत्र तपासले. एकेरी दाताचे इम्प्लांट पाच वर्षांनी ९७.२ टक्के आणि दहा वर्षांनी ९५.२ टक्के टिकलेले आढळले. त्याच पाहणीत पाच वर्षांत स्क्रू ढिला होण्याचे प्रमाण ८.८ टक्के होते. म्हणजे शंभरातले तीन इम्प्लांट जातात, पण जवळपास नऊ जणांचा स्क्रू कधी ना कधी हलतो. शिवाय असे बरेच अभ्यास मोठ्या, सुसज्ज दवाखान्यांतले असतात. तिथे रुग्ण ठरल्या वेळी तपासणीला येतो आणि योग्य पाना हाताशी असतो.

स्क्रू धरतो कसा?

साधारण समज असा की स्क्रू म्हणजे खिळा. घट्ट ठोकला की झाले. प्रत्यक्षात आवळलेला स्क्रू किंचित ताणला जातो, रबर ताणावे तसा. ताणलेला स्क्रू परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने वरचा भाग खालच्या भागावर दाबून धरतो. सांधा टिकतो तो या दाबामुळे. चावताना दोन भागांना वेगळे करणारा जोर या दाबापेक्षा कमी असेल, तोवर स्क्रूला फारसे काही जाणवत नाही. जोर वरचढ झाला की सांध्यात केसाहून बारीक फट पडते, मिटते, पुन्हा पडते. प्रत्येक वेळी स्क्रू थोडा वाकतो आणि आट्यांवरची पकड घसरत जाते.

हा दाब मिळवण्यासाठी दंतवैद्य सहसा २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर इतक्या पिळाने स्क्रू आवळतात. नेमका आकडा कंपनी ठरवते. दहा सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण साडेतीनशे ग्रॅम वजन टांगले तर ३५ न्यूटन-सेंटिमीटर पीळ होतो. जोर फार नाही, पण तो मोजून द्यावा लागतो. या पिळाचा सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच खर्च होतो आणि जेमतेम दहावा हिस्सा स्क्रू ताणण्याच्या कामी येतो. म्हणून बोटांच्या अंदाजाने आवळलेल्या स्क्रूवर भरवसा ठेवता येत नाही. कमी आवळला तर लवकर ढिला होतो, जास्त आवळला तर आधीच थकून बसतो. पीळ दाखवणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, यासाठीच असतो.

ट्रॅक्टरचे चाक बदलल्यावर जाणता मेकॅनिक सांगतो, ‘थोडे चालवून आणा, नट परत आवळू.’ धातूचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांवर सूक्ष्म उंचवटे असतात. ते दबले की नट आपोआप सैल पडतो. इम्प्लांटच्या स्क्रूचेही तसेच. आवळल्यानंतर थोड्याच वेळात त्याचा दोन ते दहा टक्के दाब असाच विरतो. म्हणून साधारण दहा मिनिटे थांबून तो पुन्हा त्याच पिळाने आवळावा, असे सांगितले जाते. या दहा मिनिटांना पैसे पडत नाहीत, पण घाईच्या शिबिरात ती हमखास गळतात.

कुदळीचा दांडा आणि शंकूची जोडणी

कुदळीचे भोक नीट पाहा. दांड्याचे टोकाकडचे तोंड जाड असते आणि भोकाला उतार असतो. त्यामुळे प्रत्येक घावाबरोबर पाते दांड्यात अधिक रुतते. आजच्या अनेक इम्प्लांटांत वरचा भाग असाच शंकूच्या आकाराचा असतो आणि खालच्या उतरत्या पोकळीत रुतून बसतो. यंत्रशाळेत ड्रिल धरण्यासाठी हीच युक्ती एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. आडव्या जोराचा बराच भाग शंकूच्या भिंती घेतात आणि स्क्रूची बरीच सुटका होते. दोन भागांतली हालचाल घटते. फटही अरुंद राहते. ते महत्त्वाचे, कारण तोंडातले जिवाणू साधारण एक मायक्रॉनचे असतात. काही मायक्रॉनची फटही त्यांना पुरते. तिथे साचलेल्या घाणीमुळे हिरडी सुजते आणि आजूबाजूचे हाड झिजते.

पण शंकूची जोडणी म्हणजे कायमची हमी नव्हे. चावण्याच्या दाबाने वरचा भाग आणखी थोडा खाली रुततो. मग ताणलेल्या स्क्रूला जरा ढील मिळते आणि त्याचा दाब उतरतो. बारीक इम्प्लांटमध्ये पोकळीची भिंत पातळ असते. ती चिरली तर अख्खा इम्प्लांट काढावा लागतो. सांधाच नसलेले एकसंध इम्प्लांटही मिळतात. त्यांत स्क्रूची भानगड नाही, पण वरचा भाग मोडला तर बदलता येत नाही. शिवाय बसवल्या दिवसापासून थोडाफार भार हाडावर येतो. प्रत्येक पद्धतीत काहीतरी मिळते आणि काहीतरी सोडावे लागते. कोणती पद्धत वापरणार आणि का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

पाच वर्षांची कसोटी, खर्ऱ्याची अडीच

बाजारात येण्याआधी इम्प्लांट आणि त्याची जोडणी यंत्रात थकवली जाते. आयएसओ १४८०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार इम्प्लांट ३० अंशांत तिरपा धरतात. तीन मिलिमीटर हाड झिजल्यासारखी स्थिती मुद्दाम ठेवतात आणि वरून पुन्हापुन्हा दाब देतात. ज्या जोराखाली नमुने ५० लाख फेऱ्या न मोडता काढतात, ती त्यांची मर्यादा मानली जाते.

हे ५० लाख म्हणजे किती? दिवसातून तीनदा, पंधरा मिनिटे खाणे आणि सेकंदाला एकदा चावणे धरले, तर दिवसाला २,७०० फेऱ्या होतात आणि वर्षाला जवळपास १० लाख. म्हणजे ५० लाख फेऱ्यांत साधारण पाच वर्षांचे जेवण बसते.

आता यात खर्रा मिसळू. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून तयार होणारा हा पदार्थ पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकाला कदाचित नवा असेल. इथे तो पानठेल्यावर, शेताच्या बांधावर, कचेरीच्या पायरीवर सगळीकडे दिसतो. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली. खर्ऱ्याला ना कारखाना लागतो ना छापील पाकीट, त्यामुळे तो गल्लीगल्लीत टिकून राहिला. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे निघाले. २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू, म्हणजे चघळण्याची, चोळण्याची किंवा दातांना लावण्याची तंबाखू वापरत होते. आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यत्वे तोंडाचा आहे, तो असा. गडचिरोलीत २०१६ पासून राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था मिळून ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालवतात, ते याच कारणाने.

समजा एखादा माणूस दिवसाला पाच खर्रे खातो आणि प्रत्येक खर्रा दहा मिनिटे चावतो. पन्नास मिनिटांत तीन हजार फेऱ्या वाढल्या. जेवणाच्या २,७०० धरून दिवसाला ५,७०० आणि वर्षाला सुमारे २१ लाख. पाच वर्षांच्या फेऱ्या अडीच वर्षांच्या आत संपल्या. हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्येक चावण्याचा जोर सारखा नसतो आणि बरेच जण खर्रा गालात धरूनही ठेवतात. पण दुसरी बाजूही पाहा. भात मऊ असतो आणि सुपारी कडक. तिचा तुकडा दाढेच्या कडेला सापडला की जोर सरळ खाली न जाता तिरपा जातो. स्क्रूला वाकवणारा जोर तोच.

यात शरीराची एक अडचण आहे. खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. मधल्या पातळ तंतूंवर तो झुलतो आणि उभ्या दाबाखाली २५ ते १०० मायक्रॉन दबतो. त्या तंतूंत संवेदना असतात. खडा लागला की जबडा क्षणात थांबतो. इम्प्लांट जेमतेम तीन ते पाच मायक्रॉन हलतो आणि त्याला हे तंतू नसतात. खड्याची वर्दी उशिरा आणि मोघम मिळते. पुरुषांच्या दाढेचा कमाल जोर ४०० ते ७०० न्यूटन, म्हणजे चाळीस ते सत्तर किलोच्या वजनाइतका असू शकतो. त्याला वेळीच आवरणारा पहारेकरी इथे नसतो.

तोंड उघडतच नसेल तर?

खर्ऱ्याचा सर्वात मोठा धोका तोंडाचा कर्करोग हा आहे आणि त्यापुढे स्क्रूची गोष्ट किरकोळच. तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. कर्करोगाच्या आधी एक टप्पा अनेकांच्या वाट्याला येतो. गालाची आतली त्वचा पांढुरकी, कडक होते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणे कमी होत जाते. आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का, ही घरच्या घरी करण्याची साधी चाचणी आहे. जात नसतील तर आधी या आजाराची तपासणी हवी.

इम्प्लांटशी याचा थेट संबंध आहे. मागच्या दाढेचा स्क्रू आवळायचा तर पान्याचे टोक वरून सरळ आत गेले पाहिजे. समोरच्या दातांमध्ये तेवढी जागा लागते. आज तीन बोटे उघडणारे तोंड खर्रा चालू राहिल्यास चार-पाच वर्षांनी दोन बोटांवर येऊ शकते. मग साध्या ढिल्या स्क्रूपर्यंत पोचणेही मुश्कील होते. म्हणून खर्रा चालू असलेल्या माणसाला ‘आधी सोडा, मग बघू’ असे सांगणारा डॉक्टर गिऱ्हाईक गमावत असला तरी रुग्णाचे भलेच करत असतो.

सिरोंच्याहून पाना किती लांब?

स्क्रू ढिला होणे हा तसा छोटा बिघाड. वेळीच आले तर अर्ध्या तासात दुरुस्त होतो. पण वेळीच येणे म्हणजे काय, हे गावावर ठरते. नागपुरातल्या माणसाला ते एका संध्याकाळचे काम. सिरोंचा ते गडचिरोली हेच अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे आणि तिथून पुढे नागपूर. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे वडशाला मिळते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणचा माणूस हलणाऱ्या दाताने दोन महिने जेवत राहतो. तेवढ्यात ढिला स्क्रू वाकतो, मग मोडतो. मोडका तुकडा बाहेर काढणे नाजूक काम आहे. ते साधले नाही, तर हाडात पक्का बसलेला, निरोगी इम्प्लांट केवळ स्क्रूपायी वाया जातो.

दुसरी अडचण पान्यांची. एका कंपनीचा स्क्रू दुसरीला बसत नाही. पान्याचे टोकही वेगळे असते. बसल्यासारखा वाटणारा भागही काही मायक्रॉनने चुकीचा असू शकतो आणि तेवढी चूक सांधा सैल करायला पुरते. इम्प्लांट नागपुरात किंवा हैदराबादेत बसवला आणि त्रास अहेरीत झाला, तर तिथल्या डॉक्टरला कंपनी आणि माप कळल्याशिवाय काही करता येत नाही. इम्प्लांटच्या वेष्टनावर ही माहिती चिकटपट्टीवर छापलेली असते. ती रुग्णाच्या कार्डावर चिकटवून देणे एका मिनिटाचे काम आहे. लस घेतल्याचे कार्ड आपण जपतो, तसेच हेही जपायला हवे.

कायदा आता रुग्णाच्या बाजूने थोडा सरकला आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नंतर १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. उपकरणांमुळे झालेल्या अपायाची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालतो. पण मोडलेला स्क्रू कचऱ्याच्या डब्यात गेला आणि नोंद झालीच नाही, तर कोणत्या बनावटीचा स्क्रू जास्त मोडतो हे कोणालाच कळत नाही. दंतवैद्यांनी हे कळवण्याची सवय लावून घ्यावी. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयांतल्या दंत विभागांत नेहमीच्या कंपन्यांच्या पान्यांचा एक संच आणि पीळ मोजणारा पाना ठेवला, तर खर्च फार नाही. त्याने कितीतरी लोकांची नागपूरची फेरी वाचेल.

पैसे भरण्याआधी

इम्प्लांट करावाच का, हा पहिला प्रश्न. नियमित तपासणीला येणे शक्य नसेल किंवा खर्रा सुटत नसेल, तर शेजारच्या दातांवर बसवलेला पूल किंवा चांगली कवळी हा कमीपणा नाही. कवळी गावातही दुरुस्त होऊ शकते.

करायचे ठरलेच, तर चार गोष्टी विचारा. वरची कॅप सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने? स्क्रूची कॅप तिच्या माथ्यावरचे भरण काढून सोडवता येते. सिमेंटची अनेकदा कापावी लागते. दूर राहणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. स्क्रू मोजत्या पान्याने, मध्ये थांबून दोनदा आवळणार का? वरचे भाग इम्प्लांटच्याच कंपनीचे आहेत का? आणि कंपनी, माप व तारीख लिहिलेले कार्ड मिळेल का? रात्री दात खाण्याची सवय असेल तर तीही आधीच सांगा. झोपेतल्या दाबाला मर्यादा नसते आणि त्यासाठी वेगळी तजवीज करता येते.

नंतर कधी कॅप किंचित फिरल्यासारखी वाटली, चावताना ‘टक’ असा आवाज आला, त्या जागी घाण वास किंवा खारट चव येऊ लागली, तर घाबरू नका आणि वाटही पाहू नका. बहुतेक वेळा हाडातला इम्प्लांट शाबूत असतो आणि फक्त स्क्रू ढिला झालेला असतो. नक्की काय ते एक्स-रेने कळते. त्या बाजूने खाणे बंद करा, घरी पक्कड लावू नका आणि चार दिवसांच्या आत डॉक्टरकडे जा. त्रास नसला तरी वर्षातून एकदा तपासणी हवीच. धान कापणी उरकल्यावर बैलगाडीची चाके आणि ट्रॅक्टरचे नट तपासायची रीत आपल्याकडे आहेच; त्याच आठवड्यात दाताचा स्क्रूही दाखवून यावा.